पाणी गेटपर्यंतच आलं होतं

"सर, ही रेघ ठेवायची का घालवायची?" दस्तगीर रंगाऱ्यानं शिडीवरूनच विचारलं.

हॉलच्या भिंतीवर, लाइटच्या बोर्डाच्याही वर वीतभर, काळ्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली तारीख. ती मीच ओढली होती. आदल्या वर्षी ऑगस्टात पूर ओसरल्यावर आम्ही घरात परत आलो, तेव्हा भिंतीवर पाण्याची खूण स्पष्ट दिसत होती. चिखल धुतला की ती जाईल म्हणून मी आधी ब्रश शोधला आणि मग झाडू. घरात बसायला पाट नाही आणि तुम्हाला इतिहास लिहायचं सुचतंय, असं पद्मजा तेव्हा म्हणाली होती.

"घालव," मी म्हणालो.

"रेघ जाईल. ओल राहील." दस्तगीरनं नखानं भिंत टोकरली, तसा एक पापुद्रा सुटून खाली पडला. "घासून प्रायमर मारतो, पुट्टीचे दोन हात देतो. दोन पावसाळे काही दिसणार नाही. पुढचं मी सांगू शकत नाही."

"दोन पावसाळे पुरेत."

पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि भांडी जरा जास्तच आवाज करत मांडणीवर ठेवायला लागली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. तो आवाज कुणासाठी आहे हे मला सांगावं लागत नव्हतं.

आमची गल्ली कृष्णेपासून फर्लांगभर. तिला नाव आहे, पण ते मी इथं लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात. अकरा बैठी घरं, बहुतेक आम्ही जैनच. मी तंत्रनिकेतनात शिकवत होतो. त्या जूनमध्ये मला बढती मिळाली आणि बढतीबरोबर अमरावतीची बदली, दिवाळीनंतर रुजू व्हायची. निवृत्तीला नऊ वर्षं होती. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेलेली. म्हणजे घर रिकामं पडणार होतं आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न होता. विकायचं की भाड्यानं द्यायचं.

मला विकायचं होतं. कारण अगदी साधं होतं, मी घाबरलो होतो. पहिल्या पुरात पाणी गुडघ्याएवढं आलं, तेव्हा आम्ही हसत हसत गाद्या कॉटवर रचल्या होत्या. दुसऱ्या पुरात ते पाच फुटांवर गेलं. दोन दिवस आणि दोन रात्री आम्ही चौघं, म्हणजे मी, पद्मजा आणि शेजारचे भूपालअण्णा चौगुले नवराबायको, त्यांच्या गच्चीवर प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून बसलो होतो. मग बोट आली. त्यानंतरचा जुलै लागल्यापासून मी दिवसातून चार वेळा धरणातून किती क्युसेक सोडलं आणि पुलावर किती फूट झालं ते बघायचो. अमरावतीत बसून नऊ पावसाळे हेच करत राहायचं, तेही परक्या माणसाच्या संसारासाठी, हे मला नको होतं. विकून मोकळं व्हायचं आणि नदीचं नाव घ्यायचं नाही.

पद्मजाला भाड्यानं द्यायचं होतं. निवृत्त झाल्यावर परत इथंच यायचं, हे तिनं मनात कधीच ठरवून टाकलं होतं. पण तिचा खरा मुद्दा वेगळा होता आणि तो तिनं एकदाच मांडला.

"विकायचं तर पाणी किती आलं ते सांगून विका. सांगायचं नसेल तर भाड्यानं द्या. भाडेकरूला पाणी दिसलं की तो सामान उचलून जाईल. विकत घेणारा कुठं जाईल?"

"सांगितलं तर कोण घेईल?"

"मग उत्तर तुम्हीच दिलंत की," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

हे उत्तर मला पटत नव्हतं असं नाही. पण माझे हात बांधलेले होते, आणि ते मी स्वतःच बांधून घेतले होते. पुराचा चिखल निघाल्यावर एका रविवारी भूपालअण्णांनी गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना आपल्या हॉलमध्ये बोलावलं होतं. बसायला सतरंजीही उरली नव्हती, सगळे उभेच. अण्णा साखर कारखान्यातून शेती अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, वर्षभरात लोक विसरतील, पेपरवाले तर महिन्यात विसरतील. आपण विसरू दिलं पाहिजे. कुणी विचारलं तर पाणी गेटपर्यंत आलं होतं एवढंच सांगायचं. भिंतीवरच्या खुणा घालवायच्या. एकानं पाच फूट म्हटलं की अकराच्या अकरा घरं मातीमोल. कबूल असेल त्यानं हात वर करा.

अकरा हात वर झाले. त्यातला एक माझा. घरी येऊन पद्मजाला सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "बायकांना विचारलंत कुणी?"

आणि भूपालअण्णांना मी नाही म्हणू शकत नव्हतो. आमच्या घराचा स्लॅब ओतला तेव्हा मी कामावर असायचो. एकवीस दिवस, रोज तीन वेळा, त्या स्लॅबला पाणी अण्णांनी मारलं होतं, कुणी न सांगता. त्यांनाही घर विकायचं होतं. पुरानंतर सुशीलावहिनींना एक विचित्र त्रास सुरू झाला होता. पत्र्यावर पाऊस वाजला की त्यांचे हात थरथरायचे आणि त्या सगळी भांडी उचलून माळ्यावर ठेवायला लागायच्या. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. वरच्या बाजूला, चढावर, एखादा फ्लॅट बघायचा तर या घराला बरा भाव यायला हवा. गल्लीतला पहिला व्यवहार माझा होणार होता. माझ्या भावावर त्यांचा भाव ठरणार होता. अण्णा हे मला रोज आठवण करून द्यायचे नाहीत. रोज संध्याकाळी येऊन चहा प्यायचे, एवढंच.

हेमंत कारंडे हा गिऱ्हाईक म्हणून आला तो श्रावणात. दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, चाळिशीचा, बोलायला मऊ. मूळचा जत तालुक्यातला. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळावं लागतं, तिथला. त्याच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन एका बाजूचं अंग गेलं होतं. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, लिफ्ट नव्हती. दवाखान्यात न्यायचं म्हणजे दोन माणसं लावून आईला खुर्चीसकट उतरवायचं. म्हणून त्याला बैठं घर हवं होतं, पायरी नसलेलं. आमच्या घराला एकच पायरी होती आणि तिथं उतार करता येण्यासारखा होता.

त्यानं घर बघितलं, खिडकीतून नदीच्या बाजूची झाडं बघितली आणि म्हणाला, "आईला नदी दिसली तर वेड लागेल तिला. आयुष्यभर पाण्यासाठी चालली." मग जरा संकोचत त्यानं विचारलं, "सर, गेल्या वर्षी इकडं पूर आला होता म्हणे?"

"गेटपर्यंत आला होता," मी म्हणालो.

तो गेटकडं बघून हसला. "तुम्ही शिकवणारी माणसं. तुम्ही सांगितलं म्हणजे झालं."

मला वाटलं होतं, खोटं बोलताना घसा कोरडा पडतो, जीभ अडते. तसं काही झालं नाही. ते वाक्य वर्षभर गल्लीत इतक्या तोंडांतून फिरलं होतं, की ते माझ्या तोंडून निघालं तेव्हा मलाही क्षणभर खरं वाटलं. आठवडाभरात त्यानं विसार दिला. साठेखताची तारीख भाद्रपदात, आमचं पर्युषण संपल्यावरची ठरली.

त्या वर्षीचं पर्युषण मी कसं काढलं ते माझं मला माहीत. दहा दिवस, दहा धर्म, रोज देवळात एकेका धर्मावर प्रवचन. सत्याचा दिवस आला तेव्हा मी मागच्या खांबाला टेकून बसलो. पंडितजी बरंच बोलले. माझ्या शेजारी अण्णा बसले होते, त्यांचे डोळे मिटलेले होते. गल्लीतले बाकीचेही होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. घरी येताना वाटेत पद्मजा म्हणाली, "त्या कारंड्यांच्या आईचं अंथरूण किती उंच असेल हो?" मी म्हणालो, असेल दीड फूट. आणि चालण्याचा वेग वाढवला.

पर्युषण संपलं की आमच्याकडं क्षमावाणीचा दिवस असतो. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी सगळे एकमेकांच्या घरी जातात, हात जोडतात आणि म्हणतात, वर्षभरात मनानं, वाचेनं, कायेनं माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा. समोरच्यानंही तेच म्हणायचं. लहान मोठ्याला म्हणतो आणि मोठा लहानालाही म्हणतो. जो दारात येईल त्याला म्हणायचं. आणि एक गोष्ट पक्की, त्या दिवशी मागितलेली क्षमा नाकारता येत नाही.

सकाळपासून माणसं येत होती. हात जोडायचे, पेढा घ्यायचा, पुढच्या घरी. खरं सांगायचं तर त्याचीही सवय होऊन जाते. नमस्काराइतकंच सहज ते म्हटलं जातं. दहाच्या सुमाराला भूपालअण्णा आले, आमची क्षमा मागून झाली, आणि ते नेहमीच्या खुर्चीत चहाचा कप घेऊन बसले. तेवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली.

हेमंत होता. साठेखत चार दिवसांवर आलं होतं. आईची चाकाची खुर्ची दारांतून जाते का ते मोजायला तो आला होता आणि आईला घर दाखवायला तिलाही घेऊन आला होता. रिक्षावाल्याच्या मदतीनं त्यानं तिला उचलून आणलं आणि आमच्या हॉलमधल्या कॉटवर बसवलं. म्हातारी हाडकुळी, उन्हानं रापलेली, डोळे मात्र तरतरीत. तिनं सगळं घर मान वळवून वळवून बघितलं. हेमंत खिशातून टेप काढून आतल्या दारांची मापं घ्यायला गेला.

पद्मजा पाणी घेऊन आली. तांब्या खाली ठेवला. आणि मग सकाळपासून सगळ्यांपुढं जोडले तसेच तिनं म्हातारीपुढं हात जोडले, खाली वाकली आणि म्हणाली, "मनानं, वाचेनं, कायेनं काही चुकलं असेल तर क्षमा करा, आजी."

म्हातारीला ही रीत ठाऊक नव्हती. तिनं पद्मजाचे जोडलेले हात आपल्या बऱ्या हातात धरले आणि हसून विचारलं, "आगं, माझं काय चुकवलंस तू? आत्ता तर तोंड बघायलीयास माझं."

असं उलट कुणी विचारत नाही. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. पद्मजा वाकलेलीच राहिली. तिचे हात म्हातारीच्या हातात होते. तिनं मान वर केली, माझ्याकडं नाही, म्हातारीकडं बघितलं, आणि तिचे ओठ हलले.

"पाणी गेटपर्यंत नव्हतं आलं," मी म्हणालो.

आतल्या दारात हेमंत टेप हातात घेऊन उभा राहिला. अण्णांनी कप बशीत ठेवला.

मी उठलो आणि भिंतीपाशी गेलो. रंग नवा होता, फिका पिवळा, दस्तगीरनं काम चोख केलं होतं. बोर्डाच्या वर वीत मोजून मी तिथं हात ठेवला. "इथपर्यंत होतं. दोन दिवस. आम्ही यांच्या गच्चीवर होतो." मी अण्णांकडं बोट केलं. ते करायला नको होतं, पण केलं.

हेमंत जवळ आला, खाली बसला, टेपचं टोक फरशीला लावलं आणि टेप सरळ वर ओढत माझ्या हातापर्यंत आणली. आकडा वाचला. पाच फूट दोन इंच. मग त्यानं टेप कॉटच्या बाजूला धरली, आई बसली होती तिथं. तो आकडा त्यानं मोठ्यानं वाचला नाही. टेप गुंडाळून खिशात ठेवली.

"सर, तुम्ही मला गेटपर्यंत म्हणाला होता."

"हो. खोटं बोललो."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा शिव्या देईल, आणि त्यानं द्याव्यात असंही मला वाटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एवढ्या मोठ्या माणसाच्या हातून असं व्हावं याची त्याला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. तो दिवस आठवला की मला अजून तो चेहराच आठवतो.

म्हातारीनं पद्मजाचे हात सोडले नव्हते. "तुला केली गं बाई क्षमा," ती म्हणाली. "यांचं हे बघतील." मग लेकाला म्हणाली, "चल, उचल मला."

विसार मी त्याच दुपारी त्यांच्या घरी जाऊन परत दिला. पण त्याआधी अण्णा होते. रिक्षा गेली तरी ते खुर्चीतून उठले नव्हते. चहावर साय धरली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि हात जोडले. या वेळी ते नमस्कारासारखं नव्हतं.

"अण्णा, क्षमा करा."

ते उठले, धोतराचा सोगा सावरला, आणि त्यांनीही हात जोडले.

"केली," ते म्हणाले. "आज नाही म्हणता येत नाही म्हणून केली. उद्या विचारू नकोस."

ते गेले ते आमच्या घरी परत आले नाहीत. गल्लीत बातमी संध्याकाळपर्यंत पसरली. ज्या लोकांनी सकाळी हात जोडून क्षमा मागितली होती, ते दुसऱ्या दिवशी मला बघून दार लावून घेऊ लागले. मला त्यांचा राग आला नाही. मीही हात वर केला होता आणि मीच तो खाली घेतला होता.

घर आम्ही भाड्यानं दिलं. नर्सिंगचं शिकणाऱ्या दोन मुलींना. करारात मी स्वतः एक कलम घातलं, की पुलावर पस्तीस फूट झालं की घर सोडायचं, आणि घर सोडलेल्या दिवसांचं भाडं नाही. करार टाइप करणाऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि हे कलम भाडेकरूच्या बाजूचं आहे की तुमच्या, असं विचारलं. मी म्हणालो, नदीच्या बाजूचं. मग आम्ही अमरावतीला गेलो.

तिथल्या नऊ वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ऊन आणि मुलांच्या परीक्षा. लोकांचा पुराचा विसर पडला, अण्णा म्हणाले होते अगदी तसाच, आणि अडीच वर्षांत गल्लीतली चार घरं विकली गेली. अण्णांचंही गेलं, बऱ्या भावानं. तांबट म्हणून एका बाईनं घेतलं. नवरा परगावी नोकरीला, ती घरात शिवणकामाचा वर्ग चालवायची. अण्णा आणि सुशीलावहिनी चढावरच्या फ्लॅटमध्ये गेले. दर वर्षी क्षमावाणीला मी त्यांना फोन करायचो. ते उचलायचे, माझं वाक्य ऐकून घ्यायचे, "केली" म्हणायचे आणि ठेवायचे. स्वतः मात्र मागायचे नाहीत. पद्मजा म्हणायची, कशाला करता? मी म्हणायचो, उचलतात म्हणून.

माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधी पुन्हा पाणी आलं. आमच्याकडच्या मुली आदल्या दिवशीच बाहेर पडल्या होत्या, कलमाप्रमाणे. तांबटबाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना गेटपर्यंतचंच माहीत होतं, म्हणून त्या शेवटपर्यंत घरात थांबल्या. पोरांना घेऊन गच्चीवर चढल्या. माणसं वाचली. खाली सात शिलाई मशिनी होत्या, त्या गेल्या, आणि गौरी-गणपतीसाठी लोकांनी शिवायला दिलेले कपडे गेले.

निवृत्तीनंतर आम्ही परत आलो. वर एक खोली बांधली, पाणी आलं की चढून बसायला. तांबटबाई आमच्या शेजारी. आता त्यांच्याकडं दोनच मशिनी आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून मला विचारलं, "काका, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं ना?" मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि कपडे वाळत घालत राहिल्या. त्यानंतर त्या आमच्याशी गरजेपुरतं बोलतात.

या वर्षीची क्षमावाणी. सकाळी नऊच्या सुमाराला गेट वाजलं. भूपालअण्णा होते. काठी टेकत, वाकलेले, अकरा वर्षांनी आमच्या दारात. सुशीलावहिनी गेल्या चैत्रात गेल्या होत्या, ते मला कळलं होतं. मी आत या म्हणालो, पण ते गेटपाशीच उभे राहिले. त्यांची नजर शेजारच्या, त्यांनी स्वतः बांधलेल्या घराकडं होती.

"तीन वर्षं येतोय," ते म्हणाले. "दर क्षमावाणीला. या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवतो, आणि परत जातो. गेल्या वर्षी तिच्या दारापर्यंत गेलो. तिनं पाणी दिलं प्यायला. मी पाणी प्यालो आणि आलो." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू त्या दिवशी बोललास. ठरवून बसला होतास, होय ना? पहिला शब्द कसा काढलास, तेवढं सांग मला."

अकरा वर्षं गावात आणि नातेवाइकांत माझं हेच नाव झालं होतं. नुकसान सोसून खरं बोललेला मगदूम. कुणी तसं म्हटलं की मी गप्प बसायचो आणि लोकांना ती नम्रता वाटायची. पद्मजाला माहीत होतं. तिनं कधी तोंडातून काढलं नाही.

"ठरवलं नव्हतं, अण्णा," मी म्हणालो. "चार दिवसांनी मी सही केलीच असती. म्हातारीनं विचारलं, आणि पद्मजा सांगणार होती. तिचे ओठ हलले ते मी बघितलं. बायकोनं सांगितलं असतं तर मी सगळ्यांपुढं खोटा ठरलो असतो. म्हणून तिच्या आधी बोललो. एवढंच होतं त्यात."

अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मला वाटलं, ते परत फिरतील.

"खरं सांगतोस?"

"खरं."

"आणि मी अकरा वर्षं..." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. राग गेला होता की आणखी कुठला आला होता ते मला कळलं नाही. मला एवढंच कळलं, की हा माणूस मला आवडतो आणि अकरा वर्षं मला त्याच्यावाचून फार एकटं वाटलं होतं. ते मी त्यांना तिथंच, गेटवर सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"तिच्याकडं चल माझ्याबरोबर," ते म्हणाले.

"माझाही हात वर होता अण्णा. यायलाच हवं मला."

पद्मजा दारात येऊन उभी होती. तिनं माझी टोपी आणून दिली. आम्ही दोघं शेजारच्या गेटातून आत गेलो. मशिनीचा आवाज चालू होता. अण्णांनी कडी वाजवली तसा तो थांबला आणि तांबटबाईंनी दार उघडलं. त्यांनी आधी मला पाहिलं, मग अण्णांना. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दार जरा आणखी उघडून त्या सवयीनं म्हणाल्या, "या, बसा."

अण्णा उंबऱ्याबाहेरच थांबले. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, पण शब्द स्पष्ट होते.

"आधी सांगतो, बाई. मग बसा म्हणायचं का नाही, ते तुम्ही ठरवा."